उद्या या

माणसांचे दोन वर्ग असतात. पहाटे उठून थंड पाण्यानं आंघोळ करणारे, आणि आपण तशी करतो असं चारचौघांत सांगणारे. मी या दोन्ही वर्गांत बसत नाही. मी कॉमर्सचा पदवीधर असून गेली तेवीस वर्षं एका बँकेत कारकून आहे. बादलीत हात बुडवून पाणी कढत असल्याची खात्री पटल्याशिवाय मी तांब्याला हात लावत नाही. समुद्राशी माझा संबंध चौपाटीवरच्या भेळेपुरता, आणि तोही तोंड भेळवाल्याकडे आणि पाठ समुद्राकडे, असा.

असा मी गेल्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे नावाच्या गावी, पॅसिफिक महासागराच्या काठावर, अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि मांडीवर चहाचा थर्मास अशा थाटात एका माणसाच्या कपड्यांची राखण करत बसलो होतो. कपड्यांचा मालक पाण्याखाली होता. हा मालक म्हणजे माझा सख्खा भाचा. सोमवार ते शुक्रवार तो तिथे संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारणं, हा उद्योग करतो. भर हिवाळ्यात.

या उद्योगाचा पत्ता आम्हांला एका फोटोमुळे लागला. फोटोत दोन काळेभोर, गुळगुळीत, चकाकणारे प्राणी पाण्यातून डोकी वर काढून पाहत होते. अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, चष्मा पुसून फोटो दोनदा पाहिला आणि मला विचारलं, "यातला आपला कुठला?" मिशा असलेला तो सील आणि बिनमिशांचा तो आपला, असा खुलासा झाल्यावर ती काही बोलली नाही. रात्री मात्र तिचा फोन आला. "त्यानं तुला तिकीट पाठवलंय ना? तू जा. आणि त्याला नाही म्हणून सांगून ये. तू बँकेतला. तुला नाही म्हणायची सवय आहे."

हे मात्र खरं. नोकरीला लागल्यावर कारकून पहिल्या सहा महिन्यांत एकच विद्या शिकतो, ती म्हणजे 'आज नको, उद्या या.' पूर्वी 'साहेब सहीला नाहीत' म्हणायची पद्धत होती, आता 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणतात. आत्मा अमर आहे, फक्त वस्त्र बदललं. या विद्येत माझा हात धरणारा आमच्या शाखेत कुणी नाही. तेव्हा पंधरा दिवसांची रजा टाकून, ही विद्या सातासमुद्रापार न्यायला मी निघालो.

पण नाही म्हणायला आधी समोरच्यानं काही मागावं लागतं. भाचा काही मागतच नव्हता. उलट मला समजावून देत होता.

"मामा, पहिली गोष्ट, इथं समुद्र हिवाळ्यात सगळ्यांत गार नसतोच."

मी म्हटलं, "मग कधी असतो? दिवाळीत?"

"वसंतात. एप्रिल-मेमध्ये."

ऐकावं ते नवलच. पण हिशेब बरोबर निघाला. वसंत लागला की या किनाऱ्यावर वायव्येचे वारे सुटतात. ते वारे आणि पृथ्वीचं फिरणं, दोघं मिळून वरचं पाणी किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे ढकलतात, आणि त्या रिकाम्या जागी तळाचं बर्फासारखं पाणी वर येतं. त्याच्याबरोबर तळाशी साठलेलं खतही वर येतं. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि पाण्याची मुगाची आमटी होते. मग पुढे पोहणाऱ्या जोडीदाराच्या पायातली वल्ह्यासारखी पादत्राणंसुद्धा दिसेनाशी होतात. हिवाळ्यात ते वारे पडतात, आमटी निवळते, आणि चांगल्या दिवशी दहा-पंधरा मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं. पाणी वर्षभर साधारण दहा ते पंधरा अंशांच्या मध्ये. जानेवारीत बारा-तेरा.

बारा अंश म्हणजे काय, हे पुणेकराला सांगायला नको. जानेवारीत पहाटे पर्वती चढणारी माणसं मफलर गुंडाळून बारा अंशांतच फिरतात आणि वर जाऊन कौतुकानं खाली पाहतात. पण तो हवेतला बारा. पाणी माणसाच्या अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं काढून घेतं. म्हणजे रक्कम तीच, व्याजाचा दर पंचवीस पट. असं कर्ज कुणी काढेल का? भाचा काढत होता, दर शनिवारी.

त्याला तारण म्हणून एक रबरी पोशाख असतो. निओप्रीन नावाच्या रबराचा, सात मिलिमीटर जाड. रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, ते ऊब धरून ठेवतात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं हा शोध लावला. त्यानं हा पोशाख घालून दाखवला असेलच, पण काढताना कुणाला पाहू दिलं नसावं. घालायला एक माणूस लागतो आणि काढायला दोन. भाचा वाहनतळावर एका पायावर नाचत दुसरा पाय त्यात कोंबत होता, तेव्हा मला आमच्या हिची गादीला अभ्रा घालण्याची धडपड आठवली. त्यातून डोक्याला टोपी, हाताला मोजे, पायांत बूट. एवढं करून माणूस बुडतच नाही, कारण रबर तरंगतं. म्हणून मग कमरेला शिसं बांधायचं! आधी तरंगणारे कपडे घालायचे आणि नंतर बुडण्यासाठी वजन घ्यायचं, हा व्यवहार माझ्या बी.कॉम.च्या कुठल्याही पुस्तकात बसेना. खोल गेलं की पाण्याच्या दाबानं रबर चेपतं आणि थंडी जास्त वाजते, ही त्यावर आणखी दंडाची रक्कम.

"यापेक्षा कोरडा पोशाख बरा," भाचा म्हणाला. "त्यात पाणी शिरतच नाही. आत लोकरीचे कपडे घालता येतात. पण महाग आहे, दोन हजार डॉलरच्या घरात. पैसे साठवतोय."

दोन हजारांना रुपयांनी गुणून मी गप्प बसलो. परदेशात गेल्यावर गुणाकारानं माणसाची वाचा जाते.

एक गोष्ट मात्र मला या मंडळींची मनापासून पटली. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकट्याला तिजोरी उघडत नाही. यांचंही तसंच. एकट्यानं पाण्यात जायचं नाही. जोडीदार लागतो, आणि पाण्यात शिरण्यापूर्वी दोघं एकमेकांचे पट्टे, नळ्या, टाकीची तोटी असं सगळं हातानं चाचपून बघतात. भाच्याच्या जोडीला दोघं होते. एक उंच शाळामास्तर आणि एक इस्पितळातल्या परिचारिका बाई. बाईंनी भाच्याची प्रत्येक कडी ओढून पाहिली. आमच्या शाखेत लेखापरीक्षक येतात, तेसुद्धा इतकं बघत नाहीत. ते चहाचं विचारतात.

टाकीतल्या हवेचाही हिशेब असतो. भरलेली टाकी म्हणजे चौरस इंचाला तीन हजार पौंड दाब. त्यातले पाचशे शिल्लक असताना पाण्याबाहेर यायचं, हा रिवाज. ही किमान शिल्लक. थंडीनं माणूस धापा टाकतो, त्यामुळे गार पाण्यात खर्च लवकर होतो. आणि खात्याबाहेर उचल नाही. ही सोय समुद्र कुणालाच देत नाही, मोठ्या ग्राहकालाही नाही.

पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा असतात. तर्जनी आणि अंगठ्याचं कडं केलं की 'सगळं ठीक'. ही आपल्याकडची 'रस्सा फक्कड झालाय'ची खूण. आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'शाब्बास' नव्हे. अंगठा वर म्हणजे 'चला वर, बुडी संपली.'

"आणि समोरच्याला पटलं नाही तर?" मी विचारलं.

"पटण्याचा प्रश्नच नाही. एकानं अंगठा दाखवला की सगळे वर. कुणीही, कधीही, कुठल्याही कारणानं. आणि कारण विचारायचं नाही."

कारण विचारायचं नाही! अहो, आमच्याकडे अर्ध्या दिवसाच्या रजेला कारण लागतं. एकेका कारकुनाच्या दोन-दोन आज्या चार-चारदा वारलेल्या आहेत. मी ते वाक्य मनात टिपून ठेवलं.

तर शनिवारी मंडळी माँटेरेच्या धक्क्याशेजारच्या पुळणीवरून पाण्यात गेली. हा दगडी धक्का म्हणजे बंदराला घातलेला बांध. बाहेरच्या लाटा तो अंगावर घेतो, म्हणून हिवाळ्यात नवशिक्यांपासून सगळे तिथंच येतात. धक्क्यावर सी लायन नावाचे शेदोनशे प्राणी पहुडलेले असतात आणि एकाच वेळी भुंकत असतात. पासबुक भरायच्या रांगेची आठवण होऊन मला घरी आल्यासारखं वाटलं. शेजारीच पूर्वी सार्डिन मासे डब्यात भरायचे कारखाने होते. मासे संपले, कारखाने बंद पडले, आणि त्यांतल्याच एका कारखान्याच्या जागेवर १९८४ साली मोठं मत्स्यालय उघडलं. मासे कापून जगणारं गाव मासे दाखवून जगू लागलं.

भाच्याचं डोकं पाण्याखाली गेलं आणि मी घड्याळ पाहिलं. वर फक्त बुडबुडे. बुडबुडे म्हणजे पावती. पावती येते आहे तोवर खातं चालू आहे. पाच मिनिटांनी बुडबुडे लांब गेले आणि मग लाटांत दिसेनासे झाले. मी चहा ओतला. तो निवला. मी तो परत थर्मासात ओतला. चाळीस मिनिटं म्हणजे किती, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. बँकेत चाळीस मिनिटं तर एका चेकला लागतात.

बेचाळिसाव्या मिनिटाला तीन डोकी वर आली. भाच्याचे ओठ जांभळे पडले होते आणि तोंडावर लग्नघरातल्यासारखा आनंद होता. "मामा, खाली पंधरा मीटरवर पांढऱ्या समुद्रफुलांचं शेत आहे. हातभर उंच देठ आणि वर गुच्छ. शेकडो!" मला ते फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखं वाटलं, पण मी बोललो नाही. मग तो केल्पबद्दल सांगू लागला. केल्प म्हणजे समुद्रातलं शेवाळी जंगल. तळाच्या खडकाला धरून ते पृष्ठभागापर्यंत जातं, आणि दिवस चांगले असले की रोज फूटभर, कधी त्याहूनही जास्त वाढतं. हिवाळ्यातली वादळं ते उपटून काठावर आणून टाकतात. २०१४ ते २०१६ या काळात समुद्र तापला, त्याच सुमाराला तारामाशांवर रोग पडला, तारामासे ज्यांना खात ते काटेरी साळिंदरासारखे जीव माजले आणि त्यांनी इथलं कितीतरी जंगल फस्त केलं. "थंडी हीच इथली ठेव आहे, मामा. पाणी गार आहे म्हणून हे सगळं आहे." दातांवर दात वाजत असताना थंडीची इतकी स्तुती मी प्रथमच ऐकली.

आता इथं मला जरा थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती गमतीची नाही.

आमचे भावजी, म्हणजे या मुलाचे वडील, सांगलीचे. कृष्णाकाठची माणसं ती. पोहण्यात त्यांना जोड नव्हती. सांगलीत पावसाळ्यात नदी फुगली की आयर्विन पुलावरून उड्या मारायची तरुणांची जुनी हौस आहे. २००५च्या आषाढात, मोठा पूर यायच्या काही दिवस आधी, भावजी मित्रांबरोबर पुलावर गेले. कठड्याशी उभं राहून ते म्हणाले, "आज पाण्याचा रंग बरा दिसत नाही." हे आम्हांला नंतर एकानं सांगितलं. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "काय राव, भ्यालास व्हय?" बस, एवढंच. उडी झकास बसली म्हणतात. भाचा तेव्हा सात वर्षांचा होता. तेव्हापासून अक्का नदीकाठच्या रस्त्यानं जात नाही. देवळाला लांबचा वळसा घालून जाते.

तेव्हा 'नाही म्हणून सांगून ये' या निरोपाचं वजन कमरेच्या शिशापेक्षा जास्त होतं. आणि दोन दिवस झाले तरी ते माझ्या तोंडून निघत नव्हतं.

रविवारी मंडळी कार्मेलजवळच्या मोनॅस्टरी बीचवर गेली. समोर रस्त्यापलीकडे कार्मेलाइट जोगिणींचा मठ आहे, त्यावरून हे नाव. जागा अशी सुंदर की कॅलेंडरवर छापावी. आणि नाव असं वाईट की डायव्हर मंडळी 'मोनॅस्टरी'चं 'मॉर्च्युअरी' करतात, म्हणजे शवागार. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर समुद्राचा तळ एकदम खोल दरीत जातो. त्यामुळे लाट वाटेत कुठं दम खात नाही, ती थेट पुळणीवर येऊन कोसळते. पुळण घसरणीची, वाळू जाड साबुदाण्यासारखी. पाय ठेवला की सरकतो. म्हणून इथून बाहेर येताना भल्याभल्यांनी हातापायांवर रांगत यायचं, अशी रीत आहे. पदव्युत्तर माणसं रांगत येतात!

त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की मी एक स्वेटर काढला. वारा नाही, आभाळात ढगाचा ठिपका नाही. मला वाटलं, आज काही काळजी नाही. भाचा मात्र फोनमध्ये समुद्रातल्या तरंगत्या यंत्रांचे आकडे बघत होता. "सात फूट, सतरा सेकंद," तो म्हणाला.

फूट मला कळले. सेकंद कसले? तर एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ. लाट आठ सेकंदांची असेल तर खोल समुद्रात दोन लाटांमध्ये अंतर सुमारे शंभर मीटर. सतरा सेकंदांची असेल तर साडेचारशे. सेकंद दुप्पट, लांबी चौपटीवर. हे सरळव्याज नव्हे, चक्रवाढीच्या जातीचं प्रकरण आहे. आणि जितकी लाट लांब तितकी ती खोलवर पाणी ढवळते. वर दिसायला मात्र सपाट आणि शांत. ही लाट इथली नसतेच. ती हजारो किलोमीटरांवर, उत्तर पॅसिफिकात, चार दिवसांपूर्वी झालेल्या वादळाची असते. म्हणजे मुख्य कचेरीतून निघालेलं परिपत्रक. निघालं तेव्हा आपल्याला वार्ता नाही, आणि पोचतं ते नेमकं आपण निवांत डबा उघडल्यावर.

तिघं सगळा सरंजाम चढवून पुळणीवर उभे राहिले. उभे राहिले ते उभेच. पाण्यात जाण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटं समुद्र नुसता बघायचा, हा नियम. लाटा गटागटानं येतात, मोठा गट येऊन जाईपर्यंत थांबायचं. आणि काही झालं तरी समुद्राकडे पाठ करायची नाही. रजेचा अर्ज पुढे करण्यापूर्वी आम्ही साहेबांचा चेहरा असाच काचेतून बघत असतो.

दहा मिनिटं छोट्या लाटा आल्या. मास्तर म्हणाले, "जमेल." मग एक गट आला. पहिली लाट फुटली, दुसरी फुटली, आणि तिसरीनं पुळणीवरची वाळू अशी ओढून नेली की ट्रकमधून खडी ओतल्यासारखा आवाज झाला. मग पुन्हा सगळं शांत. पाणी निळंशार, काचेसारखं.

भाच्यानं अंगठा वर केला. जमिनीवर उभं राहून.

मी मास्तरांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. दीड तास गाडी हाकून आलेली माणसं. टाक्या भाड्यानं आणलेल्या. पंचवीस मिनिटं खर्चून चढवलेला पोशाख. आता कुणीतरी काहीतरी बोलणार, म्हणून मी कान टवकारले. मास्तरांनी मान हलवली, बाई म्हणाल्या, "बरं," आणि दोघं टाक्या उतरवायला वळले. बस. तिघांनी एकमेकांचे पोशाख ओढून काढले, सामान गाडीत ठेवलं, आणि जवळच्या हॉटेलात जाऊन गरम सूप आणि पाव खाल्ला. पाण्याचा विषयसुद्धा निघाला नाही. बाई आपल्या मांजराबद्दल बोलत होत्या.

परतताना गाडीत मला राहवेना. तेवीस वर्षांची सवय. म्हटलं, "कारण विचारायचं नसतं हे ठाऊक आहे. पण जमलं नसतं का रे?"

"जमलं असतं बहुतेक."

"मग?"

तो बराच वेळ रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बहुतेक."

मी पुढे काही विचारलं नाही. मी आजवर लोकांना 'आज नको, उद्या या' म्हणत आलो ते काउंटरच्या अलीकडे बसून. स्वतःलाच, आणि तेही सगळी तयारी करून, मित्रांदेखत, असं सांगणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. अशाला मी कोण नाही म्हणणार?

रात्री अक्काचा फोन आला. तिकडे सकाळ होती. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"गेला होता का आज पाण्यात?"

"नाही. काठावरनं परत आला."

"कुणी सांगितलं त्याला?"

"कुणी नाही. पाणी बरं दिसलं नाही म्हणाला."

अक्का काही बोलेना. मला वाटलं लाईन गेली.

"एकटाच होता?"

"दोघं होते बरोबर."

"हसले नाहीत?"

"नाही. सामान उचलून गाडीत ठेवलं आणि जेवायला गेले."

पुन्हा ती गप्प. कुकरची आणखी एक शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग नाक ओढून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ते काय रे, परवा तू सांगत होतास, कोरडा पोशाख की काय, त्याच्या आत लोकरीचं घालता येतं म्हणे?"

"हो."

"मग त्याच्या छातीचं माप घेऊन ये. आणि बाह्या किती लांब हव्यात तेही विचार. तुला मेल्याला मापं धड घेता येत नाहीत."